अडलेलें इंजिन आणि उतावळें निदान

नारळी पौर्णिमा होऊन समुद्रास नारळ अर्पण झाला, म्हणजे कोंकणांतील खाड्यांच्या कांठीं एक देखावा दर वर्षीं हटकून दृष्टीस पडतो. पावसाळाभर खोपींत पडून राहिलेली होडी पाण्यांत लोटलेली असते. तिच्या मागच्या फळीस लहानसें इंजिन लटकविलेलें असतें. आणि एखादा तरुण कपाळावरचा घाम पुशीत त्या इंजिनाची दोरी पुनःपुन्हां ओढीत असतो. इंजिन एकदां खोकतें, थोडा निळा धूर सोडतें आणि गप्प बसतें. कांठावर जमलेल्या मंडळींत प्रत्येकाचें निदान निराळें. कोणी म्हणतो प्लग गेला, कोणी म्हणतो पेट्रोलांत भेसळ झाली, कोणी इंजिन विकणाऱ्यास दोष देतो, तर कोणी त्या बिचाऱ्या तरुणाच्या हातगुणास! महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीस १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंदी असते, आणि लहान खाजगी होड्याही त्या दिवसांत बहुधा कांठावरच असतात. इतके दिवस निजलेलें यंत्र पहिल्या हांकेस ओ देत नाहीं, यांत नवल तें काय?

आमच्या कांहीं वाचकांस वाटेल कीं, घरांतील लहानथोर सर्वांनीं वाचावयाच्या मासिकांत हा नाखव्यांचा विषय कशासाठीं? परंतु ज्यांचें वडिलोपार्जित घर खाडीकांठीं आहे आणि मुलेंबाळें मुंबई-पुण्यास आहेत, अशीं कुटुंबें आमच्या वाचकवर्गांत थोडीं नाहींत. सुटींत हींच मुलें होडींत बसून पैलतीरास जातात. शिवाय गवत कापण्याचें यंत्र, बागेंतला पेट्रोलवरचा पंप, वीज गेल्यावर लावावयाचें लहान जनित्र, हीं सर्व या इंजिनाचींच भावंडें होत; एकाचें दुखणें कळलें कीं दुसऱ्याचें कळावयास वेळ लागत नाहीं. आणि तिसरें कारण असें कीं, अडलेल्या यंत्रापुढें बसून आम्हीं स्वतः जी चूक केली ती यंत्रापुरती राहिली नाहीं. ती घरांत शिरली. ती हकीकत यथाक्रम सांगूंच.

प्रथम यंत्राची ओळख. होडीच्या अंगाबाहेर, मागच्या फळीवर अडकविलेलें म्हणून यास आऊटबोर्ड म्हणतात. वर डोकें, म्हणजे इंजिन; मध्यें उभा पाय, म्हणजे दांडा व त्याचें आवरण; आणि खालीं पाण्यांत फिरणारा पंखा. नॉर्वेंत जन्मून अमेरिकेंतील मिलवॉकी शहरीं स्थायिक झालेल्या ओल एव्हिन्रूड या कारागिरानें असें इंजिन इ. स. १९०९ पासून विक्रीस काढलें. तळ्याकांठीं वनभोजनास गेले असतां त्यास आईस्क्रीम आणण्यासाठीं वल्हीं मारीत दूर जावें लागलें, तें परत येईपर्यंत वितळून गेलें आणि त्या चडफडींतून ही कल्पना जन्मली, अशी आख्यायिका आहे. त्याचें पहिलें इंजिन अवघ्या दीड अश्वशक्तीचें होतें. त्याच्या नांवाचीं इंजिनें इ. स. २०२० पर्यंत निघत होतीं. त्या वर्षीं त्यांचें उत्पादन बंद झालें. परंतु यंत्राची मूळ जात तीच राहिली, आणि त्याचे रुसवेही तेच राहिले.

आतां या यंत्राच्या गरजा पाहूं. न्यायशास्त्रांत कारणसामग्री म्हणून एक कल्पना आहे. माती, चाक, दंड आणि कुंभार हीं सर्व एकत्र येतील तेव्हांच घट होतो. यांतील एकही नसेल तर उरलेल्या सर्वांचा उपयोग शून्य. इंजिनाचेंही असेंच आहे. त्यास पेट्रोल व हवा यांचें योग्य मिश्रण हवें, सुमारें एक भाग पेट्रोलास पंधरा भाग हवा, आणि हें प्रमाण वजनाचें, मापाचें नव्हे. दुसरें, तें मिश्रण नळकांड्यांत दट्ट्यानें नीट दाबलें गेलें पाहिजे. तिसरें, दाबल्या क्षणीं ठिणगी पडली पाहिजे. या तिहींवर इंजिन सुरू होतें. आणि तें सुरू राहावें म्हणून चौथें, थंडाव्यासाठीं खाडीचें पाणी आंतून खेळत राहिलें पाहिजे. इंजिन अडलें म्हणजे या चौघांपैकीं कोणी तरी गैरहजर आहे, एवढेंच खात्रीनें म्हणतां येतें. कोण गैरहजर आहे हें विचारल्याशिवाय कळत नाहीं. आणि आम्ही मंडळी नेमकें तेंच विचारीत नाहीं, एकदम नांव घेऊन मोकळे होतों.

इ. स. २०२२ च्या मार्गशीर्षांतील गोष्ट. आमचें घर दाभोळच्या खाडीच्या कांठीं. घरची होडी धाकट्या बंधूंचा मुलगा पाहतो. तिला आठ अश्वशक्तीचें, दोन नळकांड्यांचें इंजिन. पेट्रोलची बारा लिटरची टाकी होडींत निराळी ठेवलेली, आणि टाकीपासून इंजिनापर्यंत रबरी नळी. त्या दिवशीं आमच्या सूनबाई दोन्ही नातवंडांसह पैलतीरीं एका मंगलकार्यास गेल्या होत्या आणि त्यांस आणण्यास पुतण्या दुपारीं होडी घेऊन गेला. जातांना इंजिन अगदीं पैलतीराजवळ जरा अडखळलें. परंतु तेवढ्यांत कांठ आला. परततांना मात्र खाडीच्या मध्यावर तें बंद पडलें. ओहोटी लागली होती, आणि होडी हळूहळू खाडीच्या मुखाकडे वाहूं लागली. पुतण्यानें आधीं नांगर टाकला, मुलांच्या अंगांतील जाकिटांचे बंद तपासले, आणि मग दोरीस हात घातला. दहा मिनिटांनीं इंजिन लागलें, दोन-तीन मिनिटें चाललें, पुनः बंद. असें तीनदां झालें. शेवटीं मासेमारीच्या एका होडीनें दोर लावून त्यांस कांठावर आणलें, तेव्हां घरोघर दिवे लागले होते. मुलें भेदरून गेलीं होतीं आणि सूनबाईंच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

आम्ही ओटीवर येरझारा घालीत होतों. मंडळी सुखरूप आलेली पाहतांच आमची काळजी सरली आणि तिच्या जागीं राग आला. यंत्राची निगा राखतां येत नसेल तर मुलाबाळांस होडींत घालूं नये, असें आम्ही पुतण्यास घरांतील सर्वांदेखत बोललों. आणखीही पुष्कळ बोललों. तो मान खालीं घालून ऐकत राहिला. त्यानें प्रथम नांगर टाकला ही गोष्ट सूनबाईंनीं सांगितली, पण ती ऐकण्याच्या मनःस्थितींत आम्ही नव्हतों.

दुसऱ्या दिवसापासून आम्हीं निदानाचें काम स्वतःकडे घेतलें. इंजिन कांहीं वेळ चालतें, बंद पडतें. विश्रांति दिली कीं पुनः चालतें. यावरून आम्हीं अनुमान केलें कीं तें तापतें, म्हणून बंद पडतें आणि निवलें कीं चालतें. अनुमान आम्हांस इतकें निर्दोष वाटलें कीं त्याची परीक्षा करण्याची गरजच भासली नाहीं. इंजिन तालुक्याच्या गांवीं कारागिराकडे पाठविलें. त्यानें थंडाव्याच्या पंपाचें रबरी चक्र बदललें, कार्बुरेटर साफ केला, नवे प्लग घातले, पाण्याच्या पिंपांत अर्धा तास चालवून दाखविलें. उत्तम चाललें! घरीं आणून होडीस लाविलें. पाव तासांत बंद. पुनः पाठविलें, त्याच्याकडे पुनः उत्तम चाललें, होडीवर पुनः बंद. तेव्हां आमचा ठाम ग्रह झाला कीं कारागीर फसवितो, किंवा इंजिनच निकालांत निघालें आहे. तें मोडींत काढण्याच्या गोष्टी सुरू झाल्या.

अशा वेळीं एक तांडेल सहज ओटीवर आला. आमच्या हाताखालीं सातवीपर्यंत शिकलेला. संस्कृतांत त्याची आणि आमची कधीं गांठ पडली नव्हती. त्यानें सर्व ऐकून घेतलें आणि एकच प्रश्न विचारला, “गुरुजी, इंजिनासंगं टाकी धाडली होती काय?”

टाकी पाठविली नव्हती. कारागिरानें स्वतःची टाकी लावूनच इंजिन चालविलें होतें.

तांडेल उठला, पुतण्यास घेऊन होडीवर गेला. मागोमाग आम्हीही गेलों. इंजिन सुरू करून तो दोरीकडे न पाहतां टाकीकडेच पाहत बसला. नळीच्या मध्यावर पेट्रोल चढविण्यासाठीं हातानें दाबावयाचा रबरी फुगा असतो. बारा-तेरा मिनिटांत तो फुगा चिपाडासारखा चपटा झाला, आणि इंजिन अडखळूं लागलें. तांडेलानें टाकीच्या झांकणावरचा लहान स्क्रू सैल केला. सूं असा आवाज होऊन हवा आंत गेली, फुगा फुगून वर आला आणि इंजिन पुनः एकसारखें बोलूं लागलें. तो स्क्रू टाकींत हवा येण्याचा मार्ग होय. तो बंद असतां जितकें पेट्रोल बाहेर जाईल तितकी आंत पोकळी होते, आणि शेवटीं ती पोकळी पेट्रोलास मागें खेंचून धरते. इंजिन थांबलें कीं कोठून तरी थोडी हवा झिरपते. म्हणून विश्रांतीनंतर तें पुनः चार पावलें चालतें. तापण्यानिवण्याशीं त्याचा सुतराम संबंध नव्हता.

येथें आमच्या शास्त्राभ्यासाची लाज वाटावी अशी गोष्ट आहे. जो हेतु साध्य असतां दिसतो आणि साध्य नसतांही दिसतो, त्यास अनैकान्तिक म्हणतात; त्यावरून केलेलें अनुमान म्हणजे हेत्वाभास. ‘थांबून थांबून चालतें’ हें लक्षण तापलेल्या इंजिनांतही दिसतें आणि कोंडलेल्या टाकींतही दिसतें. म्हणजे तें अनैकान्तिक. हें आम्हीं विद्यार्थ्यांस कित्येकदां समजावून सांगितलें असेल; आणि अन्वयव्यतिरेकही सांगितला असेल, कीं जें असतां कार्य होतें आणि जें काढून घेतलें असतां कार्य होत नाहीं, तेंच कारण. तांडेलानें हे शब्द ऐकलेलेही नव्हते. पण जेथें इंजिन चाललें आणि जेथें चाललें नाहीं, त्या दोन ठिकाणांत फरक कशाचा, हें त्यानें विचारलें. फरक टाकीचा होता. एवढा एक प्रश्न आम्हीं विचारला असता तर दोन खेपांचा खर्च वांचता, आणि त्याहून मोलाचें असें कांहीं वांचतें.

या अनुभवानंतर आम्हीं तांडेलाकडून व पुतण्याकडून जो क्रम शिकून घेतला तो वाचकांपुढें ठेवितों. त्याचें सूत्र असें: ज्यास पैसा लागत नाहीं तें आधीं पाहावें, ज्यास हत्यार लागतें तें मागून, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि बदलल्यावर इंजिन चालवून पाहावें. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि इंजिन चाललें, तर तें कशानें चाललें हें कोणासच कळत नाहीं आणि पुढील वर्षीं पुनः श्रीगणेशा!

इंजिन मुळींच लागत नसेल तर प्रथम लाल दोरी पाहावी. चालक पाण्यांत पडल्यास इंजिन आपोआप थांबावें म्हणून एक दोरी त्याच्या मनगटास बांधतात. तिच्या टोंकाची चिमटी बटणाखालीं बसलेली नसेल तर कितीही ओढा, ठिणगी पडत नाहीं. मग गिअर मधल्या जागीं आहे काय, टाकीचा हवेचा स्क्रू उघडा आहे काय, पेट्रोलची तोटी असल्यास ती उघडी आहे काय, नळी दोन्ही टोंकांस घट्ट बसली आहे काय, फुग्यावरचा बाण इंजिनाच्या दिशेस आहे काय, हें पाहावें. फुगा दाबीत राहिलें असतां तो थोड्या वेळानें टणक झाला पाहिजे. टणक होतच नसेल तर नळींत कोठें तरी हवा शिरते, किंवा फुग्यांतील झडप गेली आहे. आणि चालू इंजिनाचा फुगा चपटा होत असेल तर दोष फुग्याच्या मागें, टाकीच्या बाजूस आहे. हा एकच फुगा अर्धा वैद्य आहे, असें आतां आम्ही समजतों.

थंड इंजिनास चोक ओढावा. लागल्यावर तो हळूहळू मागें ढकलावा. चोक ओढून वीस-पंचवीस वेळां दोरी खेंचली आणि पेट्रोलचा उग्र वास येऊं लागला, तर इंजिन पेट्रोलनें तुंबलें असें समजावें. अशा वेळीं आणखी ओढणें म्हणजे अजीर्ण झालेल्यास लाडू वाढणें. प्लग काढून पुसावा, चोक बंद ठेवून थोडा वेळ जाऊं द्यावा, दोरी पांच-सात वेळां ओढून आंतील ओलावा बाहेर टाकावा, आणि प्लग पुनः बसवावा.

काढलेल्या प्लगकडे नीट पाहावें; वैद्य जीभ पाहतो तसें. टोंक फिकट तपकिरी असेल तर प्रकृति ठीक. काळें व कोरडें काजळ असेल तर पेट्रोल जास्त जळतें आहे. काळें व ओलें असेल तर तेल जास्त, किंवा ठिणगी पडत नाहीं. पांढरें पडलें असेल तर मिश्रणांत पेट्रोल कमी असून इंजिन फाजील तापत आहे. याकडे दुर्लक्ष करूं नये. अगदीं कोरडें ठणठणीत असेल तर पेट्रोल तेथवर पोहोंचतच नाहीं. ठिणगी पाहावयाची असल्यास प्लग टोपींत बसवून त्याचें धातूचें अंग इंजिनाच्या उघड्या धातूस टेकवून धरावें आणि दोरी ओढावी. निळसर, ठसठशीत ठिणगी दिसली पाहिजे. परंतु सांडलेलें पेट्रोल आधीं पुसून, वाफ जाऊं देऊन, प्लगच्या भोंकापासून दूर धरूनच हा प्रयोग करावा, आणि तोही जाणत्याच्या हातून. ठिणगी व पेट्रोल यांची भेट नळकांड्यांतच व्हावी, ओटीवर नव्हे.

इंजिन लागतें पण नीट चालत नाहीं, याचे प्रकार निराळे. चोक ओढलेला असतांनाच चालतें आणि ढकलतांच मरतें, तर कार्बुरेटरमधील बारीक छिद्रें तुंबलीं आहेत. वेगांत चालतें पण मंद केलें कीं मरतें, तर मंदगतीचें छिद्र तुंबलें. मंद चालतें पण वेग घेत नाहीं, तर मोठें छिद्र तुंबलें, किंवा दोन नळकांड्यांपैकीं एक कामावर नाहीं. तें ओळखण्यास दोन्ही प्लग काढून ताडून पाहावे. जो ओला, त्याचें नळकांडें बहुधा निजलेलें. हीं छिद्रें तारेनें कोरूं नयेत. पितळ मऊ असतें, छिद्र मोठें झालें कीं प्रमाण कायमचें बिघडतें. साफ करण्याचें द्रव्य फवारून हवेनें फुंकावीं. इंजिन जोरांत गर्जतें पण होडी जागची हालत नाहीं, तर इंजिनाची चूकच नाहीं. पंख्याच्या दांड्यांतील मऊ धातूची पिन तुटली असेल. पंखा दगडावर आदळला तर पिनेनें तुटून आंतील दांते वांचवावे, याचसाठीं ती घातलेली असते. तिच्या जागीं खिळा ठोकणें म्हणजे पहारेकऱ्यास बांधून ठेवणें होय. दोन जादा पिना व एक पक्कड होडींत नेहमीं असावी. पंख्यास जाळें किंवा प्लास्टिक गुंडाळलें नाहीं ना, हेंही पाहावें. पण इंजिन बंद करूनच.

इंजिन चालूं लागलें कीं मागच्या बाजूनें पाण्याची एक बारीक धार पडते. ती धार म्हणजे थंडाव्याची नाडी. धार नसेल तर तात्काळ इंजिन बंद करावें. पाणी ओढून घेण्याच्या जाळीवर चिखल अगर प्लास्टिक बसलें असेल, धारेचें तोंड वाळूनें बुजलें असेल, किंवा रबरी चक्राचीं पातीं झिजलीं असतील. कित्येक लोक कांठावर कोरडेंच इंजिन ‘जरा लागतें काय’ म्हणून चालवून पाहतात. पाण्यावांचून तें रबरी चक्र थोडक्या वेळांत जळून जातें. परीक्षा करावयाची ती पाण्यानें भरलेल्या पिंपांत. आमच्या प्रकरणांत ही धार पहिल्यापासून उत्तम पडत होती. ती आमच्या अनुमानाच्या विरुद्ध साक्ष देत होती. पण आम्हीं तिला साक्षीस बोलाविलेंच नाहीं.

आतां पेट्रोलविषयीं थोडें विस्तारानें. कारण पावसाळ्यानंतरच्या दुखण्यांपैकीं बहुतेक याच्याच पोटीं जन्मतात. पेट्रोल कांहीं महिने पडून राहिलें कीं त्याचा हलका, लवकर पेटणारा अंश उडून जातो आणि उरलेल्याचा चिकट थर कार्बुरेटरच्या छिद्रांत बसतो. त्यांत आपल्या देशांत पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळण्याचें प्रमाण वाढत जाऊन इ. स. २०२५ मध्यें तें वीस टक्क्यांपर्यंत पोहोंचलें. इथेनॉल पाणी शोषून घेतें. आणि कोंकणच्या आषाढ-श्रावणांत हवेंत पाण्यास काय तोटा? एका मर्यादेपलीकडे पाणी झालें म्हणजे इथेनॉल व पाणी दोन्ही पेट्रोलपासून फुटून टाकीच्या तळाशीं बसतात. आणि इंजिनाची नळी तर तळाचेंच ओढते! यामुळें टाकी भरलेली दिसूनही इंजिनाच्या मुखीं पाणीच जातें. परीक्षा सोपी आहे. टाकीच्या तळाचें थोडें पेट्रोल स्वच्छ कांचेच्या बाटलींत घेऊन, घरांतील चुलीपासून दूर मोकळ्यावर, तासभर न हालवितां ठेवावें. दोन थर निराळे दिसले तर तें पेट्रोल वापरूं नये. तें खाडींत किंवा मोरींत ओतूं नये, हें सांगावयास नकोच. इथेनॉलनें जुन्या रबरी नळ्याही फुगतात व चिरतात. म्हणून नळी वांकवून भेगा पाहाव्या.

ज्यांचें इंजिन टू-स्ट्रोक आहे त्यांस पेट्रोलांतच तेल मिसळावें लागतें. पन्नासास एक असें प्रमाण सांगितलें असेल तर एका लिटरास वीस मिलिलिटर, दहा लिटरांस दोनशें. जुन्या इंजिनांस पंचविसास एक, म्हणजे याच्या दुप्पट, तेल लागे. आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेंत काय आहे तें पाहावें. तेल कमी पडलें तर दट्ट्या घासून इंजिनाचा प्राणच जातो. जास्त झालें तर प्लग काळवंडतात. यांतल्या यांत दुसरी चूक बरी. मोटारसायकलचें तेल येथें चालवूं नये. पाण्यानें थंड होणाऱ्या इंजिनांचें तेल निराळें येतें, आणि त्याच्या डब्यावर ‘टीसी-डब्ल्यू३’ अशी खूण असते.

होडी पावसाळ्यापूर्वीं बाहेर काढतांना चार गोष्टी केल्या तर नारळी पौर्णिमेस कपाळावर घाम येणार नाहीं. इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपांत चालवून आंतील खारें पाणी धुवून काढावें. मग नळी काढून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावें, म्हणजे कार्बुरेटर रिता होतो. प्लग काढून प्रत्येक नळकांड्यांत थोडें तेल सोडावें व दोरी हलके दोन-तीनदां ओढावी. खालच्या दांत्यांचें तेल तपासावें. तें दुधासारखें पांढरट झालें असेल तर आंत पाणी शिरतें आहे. आणि इंजिन उभें ठेवावें, आडवें नव्हे. उरलेलें पेट्रोल पुढील हंगामासाठीं ठेवूं नये. एवढें करूनही इंजिन लागलें नाहीं, ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी दोरी ओढतांना हातास कांहीं अडथळाच जाणवत नाहीं, तर दाब गेला असें समजून कारागिराकडे जावें. आणि जातांना टाकी व नळी बरोबर न्यावी!

पाण्यांत इंजिन बंद पडलें तर मात्र हा सर्व क्रम बाजूस ठेवावा. आधीं नांगर, मग जाकिटें, मग दोरी. ओहोटी कोणाच्या निदानासाठीं थांबत नाहीं. वल्हीं नसलेली होडी कितीही नव्या इंजिनाची असो, तींत मुलांस बसवूं नये. हा क्रम आमच्या पुतण्यानें त्या संध्याकाळीं कोणी न सांगतां पाळला होता.

आतां राहिलेली गोष्ट सांगून टाकतों. तांडेलानें तो स्क्रू फिरविला त्या क्षणीं, तो कोणीं बंद केला होता हें आम्हांस ठाऊक होतें. मंगलकार्याच्या दोन दिवस आधीं, पाहुण्यांच्या गडबडींत, पुतण्यानें टाकी होडींतून आणून पडवींत ठेवली होती. पेट्रोलचा वास देवघरापर्यंत येतो म्हणून रात्रीं आम्हींच दिव्याच्या उजेडांत तो स्क्रू चांगला आवळला होता, आणि कोणास सांगितलें नव्हतें. पुढेंही टाकी घरीं येई तेव्हां आम्ही तो आवळीत असूं. टाकी घरांत असतां स्क्रू बंद ठेवणें हें योग्यच. पण तो होडींत उघडावयाचा असतो हें आम्हांस माहीत नव्हतें, आणि तो बंद आहे हें पुतण्यास माहीत नव्हतें. त्याच्या होडींत तो नेहमींच उघडा असे.

त्या दिवशीं आम्ही कांहीं बोललों नाहीं. दुसऱ्या दिवशींही नाहीं. आम्हीं मनाशीं पुष्कळ युक्तिवाद केले. वडील माणसानें आपली चूक लहानांपुढें काढली तर धाक राहत नाहीं, हा त्यांतला मुख्य. परंतु रात्रीं पंगतींत धाकट्या मुलांनीं ‘काकाचें इंजिन’ म्हणून थट्टा चालविली आणि पुतण्या नुसता हसला, तेव्हां घास घशाखालीं उतरेना. पाट न सोडतां, ज्या मंडळींदेखत आम्ही त्यास बोललों होतों त्याच मंडळींदेखत, स्क्रू आम्हीं आवळला होता, हें सांगितलें. थोडा वेळ कोणी बोललें नाहीं. मग पुतण्या म्हणाला, “काका, निघण्यापूर्वीं स्क्रू पाहणें माझेंच काम होतें. तें मी केलें नाहीं.” सूनबाई वाढतां वाढतां म्हणाल्या, “आणि नांगर टाकणें कोणाचें काम होतें, भावोजी? तें मात्र तुम्हीं केलेंत.” यावर आम्हांस उत्तर नव्हतें, आणि द्यावयाचेंही नव्हतें.

आतां त्या स्क्रूस तांबड्या कापडाची चिंधी बांधलेली असते. टाकी घरांत आली कीं जो स्क्रू आवळतो त्यानें ती चिंधी सोडून नळीच्या तोंडास बांधावयाची. म्हणजे स्क्रू उघडल्यावांचून नळी जोडण्यास जाणाऱ्याच्या हातांत ती चिंधी येते. ही युक्ति पुतण्याची. आम्ही रात्रीं पडवींत जातों तेव्हां ती पाळतों.

पुढील अंकीं विहिरीवरच्या विजेच्या पंपाविषयीं लिहूं; तो फिरतो पण पाणी चढवीत नाहीं, अशी तक्रार घरोघर असते. तोंवर ज्यांच्या खोपींत एखादें इंजिन पडलें असेल त्यांनीं त्याच्या टाकींतील पेट्रोल बाटलींत घेऊन एकदां पाहावें.